कमांड कोणाची? अंगभूत आज्ञा बदलण्याचा इतिहास



आजचा विषय वरवर तांत्रिक आहे, पण त्यातला प्रश्न संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाचा आहे. आपण कंट्रोल-व्ही दाबतो आणि मजकूर पेस्ट होतो. कंट्रोल-एस दाबलं की फाइल सेव्ह होते. हे इतकं हातात बसलं आहे की बटण दाबणं आणि काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच आपण विसरतो. त्या दोहोंच्या मधे एक जागा असते. तिथे प्रोग्रामर उभा राहू शकतो आणि म्हणू शकतो, ‘या कमांडचं नेहमीचं काम थांबवा, मी सांगतो ते करा.’ प्रोग्रामिंगच्या भाषेत याला ओव्हरराइड करणं म्हणतात.

यात मुळात गैर काहीच नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये रकमेच्या चौकटीत कोणी अक्षरं पेस्ट केली, तर ती अडवावीच लागतात. डॉक्टरांच्या नोंदींच्या प्रोग्राममध्ये ‘सेव्ह’ म्हटल्यावर आधी रुग्णाचं वय भरलंय का ते तपासावं लागतं. पण जरा विचार करा. मेनूतलं नाव तेच, बटण तेच, आणि आत घडतं ते मात्र वेगळं. वापरणाऱ्याला ते दिसत नाही. मग हा बदल करण्याचा अधिकार कोणाचा? वापरणाऱ्याचा, प्रोग्रामरचा, की संगणकाची प्रणाली बनवणाऱ्याचा? गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरं दिली गेली आणि काहींची किंमतही मोजावी लागली. तोच इतिहास आज आपण बघणार आहोत.

सुरुवात करू कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोपासून. तिथे झेरॉक्स कंपनीचं ‘पार्क’ नावाचं संशोधन केंद्र होतं. १९७३ साली तिथे आल्टो हा संगणक तयार झाला, आणि त्यावर मजकूर लिहिण्या-सुधारण्यासाठी ब्राव्हो नावाचा प्रोग्राम आला. तो बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांचा. यातलं सिमोनी हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. ब्राव्होत एकच बटण दोन कामं करायचं. तुम्ही लिहिण्याच्या अवस्थेत असाल तर ‘डी’ दाबल्यावर डी हे अक्षर उमटायचं. आज्ञा देण्याच्या अवस्थेत असाल तर तेच ‘डी’ म्हणजे डिलीट.

त्यावरून एक किस्सा प्रसिद्ध आहे. आपण लिहिण्याच्या अवस्थेत आहोत असं समजून एखाद्याने ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला तर काय व्हायचं? ‘ई’ म्हणजे एव्हरीथिंग, म्हणजे सगळा मजकूर निवडला गेला. ‘डी’ म्हणजे डिलीट, सगळा पुसला गेला. ‘आय’ म्हणजे इन्सर्ट, आता पुढचं लिहा. आणि मग ‘टी’ हे अक्षर लिहिलं गेलं. अख्खा लेख जाऊन पडद्यावर उरला एक ‘टी’.

लॅरी टेस्लर या संशोधकाला हे अवस्थांचं प्रकरण मुळीच मान्य नव्हतं. त्यांनी टिम मॉट यांच्याबरोबर जिप्सी नावाचा संपादक केला, तो जिन या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेसाठी. तिथले संपादक संगणकतज्ज्ञ नव्हते, कागदावर कात्री आणि गोंद चालवणारे लोक होते. जिप्सीत अक्षराचं बटण नेहमी अक्षरच उमटवायचं आणि कट, पेस्ट या आज्ञा वेगळ्या असायच्या. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेले. १९८३ च्या लिसा आणि १९८४ च्या मॅकिन्टॉश या संगणकांवर कट, कॉपी, पेस्ट आणि अनडू यांना एकमेकांशेजारची बटणं मिळाली. तीच एक्स, सी, व्ही आणि झेड, जी आज सगळीकडे आहेत.

इथे एक मोठी गोष्ट घडली. पेस्ट ही आज्ञा आता एखाद्या प्रोग्रामची राहिली नाही. मॅकिन्टॉशवर कुठलाही प्रोग्राम उघडा, ‘एडिट’ मेनू असणार आणि त्यात पेस्ट असणार. एकदा शिकलं की सगळीकडे चालतं. १९८७ मध्ये आयबीएमनेही आपल्या प्रोग्रामांसाठी असेच समान नियम प्रसिद्ध केले. मदतीसाठी एफ-वन, खिडकी बंद करायला ऑल्ट-एफ-फोर, पेस्ट करायला शिफ्ट-इन्सर्ट. विंडोजवर कंट्रोल-व्ही आणि शिफ्ट-इन्सर्ट दोन्ही आजही चालतात, ते याच दोन घराण्यांमुळे. थोडक्यात, कमांडचं नाव हा एक शब्द दिल्यासारखा प्रकार झाला. ‘पेस्ट’ म्हटलं की काय होणार, हे आधीच ठरलेलं. आणि शब्द एकदा दिला गेला की तो बदलायचा हक्क कोणाला, हा प्रश्न आलाच.

याच काळात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीत, याचं एक अगदी वेगळं उत्तर तयार होत होतं. तिथल्या वॉरन टायटलमन यांनी १९६६ मध्येच आपल्या पीएचडीच्या प्रबंधात एक कल्पना मांडली होती. त्यांनी तिला ‘ॲडव्हाइस’, म्हणजे सल्ला, असं नाव दिलं. आधीपासून असलेला प्रोग्रामचा तुकडा तुम्ही उघडायचा नाही, फोडायचा नाही. त्याच्या तोंडाशी सूचना लावायची, ‘हे काम करण्याआधी अमुक कर’, किंवा शेवटी, ‘काम झाल्यावर तमुक कर’. सरकारी कचेरीत फाइलचा मजकूर न बदलता कडेला शेरा मारतात ना, तसंच. मूळ काम जागेवर राहतं आणि शेरा काढून टाकला की सगळं पूर्ववत.

१९७६ मध्ये याच एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि सहकाऱ्यांनी ईमॅक्स हा संपादक उभा केला. १९८५ पासून स्टॉलमन यांचा ग्नू ईमॅक्स मिळू लागला. ईमॅक्सची भूमिका अशी की, बटण आणि कमांड यांचं नातं एका तक्त्यात लिहिलेलं असतं आणि तो तक्ता वापरणाऱ्याच्या मालकीचा. इतकं की, साधं ‘ए’ हे बटणसुद्धा एक कमांड चालवतं, जिचं काम आहे ‘दाबलेलं अक्षर उमटव’. तुम्हाला तेही बदलायचं असेल तर बदला. टायटलमन यांचा सल्ल्याचा प्रकारही ईमॅक्समध्ये आला. इथे ओव्हरराइड करणारा आणि त्याचा परिणाम भोगणारा माणूस एकच असतो. माझ्या घराचं कुलूप मी बदललं, किल्ली माझ्याच खिशात. त्यामुळे या उत्तरात भांडण कमी. पण हे उत्तर हौशी, तरबेज माणसाचं. बँकेत किंवा शाळेच्या कार्यालयात बसलेला माणूस आपला तक्ता लिहायला बसत नाही. त्याच्यासाठी तो प्रोग्रामर लिहितो.

म्हणून आता येऊ प्रोग्रामरच्या बाजूला. नोव्हेंबर १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टचं विंडोज बाजारात आलं. त्याची आतली रचना समजली तर पुढचं सगळं सोपं होईल. विंडोजमध्ये जे काही घडतं त्याचा संदेश बनतो. बटण दाबलं, संदेश. माऊस हलला, संदेश. मेनूतून काही निवडलं, संदेश. प्रत्येक खिडकीला हे संदेश वाचणारं एक फंक्शन असतं. प्रोग्रामरने आपल्याला हवे तेवढे संदेश हाताळायचे आणि उरलेले विंडोजने पुरवलेल्या नेहमीच्या फंक्शनकडे पाठवून द्यायचे.

त्यात लिहिण्याची चौकट विंडोजने तयारच दिलेली होती. तिला कर्सर हलवता येतो, निवडता येतं, कॉपी-पेस्ट येतं. मग कोणाला तिच्यात थोडासा बदल हवा असेल तर? त्यासाठी एक युक्ती रूढ झाली, तिला सबक्लासिंग म्हणतात. चौकटीचं मूळ फंक्शन बाजूला काढायचं, त्याचा पत्ता जपून ठेवायचा, त्याच्या जागी आपलं फंक्शन बसवायचं. आता सगळे संदेश आधी आपल्याकडे येतात. आपल्याला हवा तो एक हाताळायचा आणि बाकीचे जुन्या पत्त्यावर पाठवायचे. नव्या प्रोग्रामरचं इथे हमखास चुकतं ते या शेवटच्या वाक्यात. उरलेले संदेश पुढे पाठवायचे राहिले, की चौकट पडद्यावर नीट दिसतच नाही, कारण ‘स्वतःला रंगव’ हाही एक संदेशच असतो आणि तो आता कोणाकडे पोहोचत नाही. एक काम आपल्याकडे घेताना दहा कामं आपल्या अंगावर येतात. ओव्हरराइडचा हा पहिला धडा.

दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा. समजा, आपल्याला एका चौकटीत पेस्ट बंद करायचं आहे. सरळ मार्ग सुचतो तो असा: कंट्रोल-व्ही दाबलेलं पकडा आणि गिळून टाका. झालं? नाही झालं. वापरणारा शिफ्ट-इन्सर्ट दाबतो, पेस्ट होतं. माऊसचं उजवं बटण दाबून यादीतून पेस्ट निवडतो, तेही होतं. कारण आपण बटण पकडलं, कमांड नाही. विंडोजमध्ये पेस्टचा स्वतंत्र संदेश आहे. कंट्रोल-व्ही, शिफ्ट-इन्सर्ट, उजव्या बटणाची यादी, या तिन्ही वाटा शेवटी त्या एका संदेशाशी येऊन मिळतात. गावात यायला तीन रस्ते असतील आणि नाका एकाच रस्त्यावर उभा केला तर उपयोग काय? नाका वेशीवर हवा. बटण आणि कमांड वेगळ्या करण्याची जी गोष्ट टेस्लर यांनी वापरणाऱ्यासाठी केली, ती प्रोग्रामरला स्वतःच्या डोक्यात पुन्हा करावी लागते.

आता तिसरा प्रश्न. एका खिडकीत दहा चौकटी आहेत आणि मेनूत ‘पेस्ट’ एकच आहे. ती आज्ञा नेमकी कोणाला दिली? याचं नेटकं उत्तर नेक्स्टस्टेप या प्रणालीत मिळालं. ॲपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्स यांनी काढलेल्या नेक्स्ट कंपनीची ही प्रणाली १९८९ मध्ये विक्रीला आली. तिथे मेनूतली आज्ञा विशिष्ट पत्त्यावर पाठवायचीच गरज नव्हती. जिथे कर्सर आहे त्या चौकटीला आधी विचारलं जायचं, ‘तुला हे येतं का?’ येत असेल तर तिने करावं. नसेल तर तिच्या वरच्या भागाला, मग खिडकीला, मग सगळ्या प्रोग्रामला. याला रिस्पॉन्डर चेन म्हणतात, आणि आजच्या मॅकवर हीच पद्धत चालते. पुन्हा कचेरीचंच उदाहरण घ्या. फाइल कारकुनाच्या टेबलावर आली, त्याच्या अधिकारात असेल तर त्याने निकाली काढली. नाहीतर अव्वल कारकुनाकडे, तिथून नायब तहसीलदारांकडे, मग तहसीलदारांकडे.

मायक्रोसॉफ्टने सी-प्लस-प्लस भाषेसाठी १९९२ मध्ये एमएफसी नावाचं वर्गांचं भांडार दिलं. त्यातही पुढे अशीच साखळी आली. कमांड आधी समोर दिसणाऱ्या दृश्याकडे, मग त्यामागच्या दस्तऐवजाकडे, मग खिडकीच्या चौकटीकडे आणि शेवटी प्रोग्रामकडे. ‘सेव्ह’, ‘प्रिंट’, ‘पेस्ट’ यांना ठरलेले क्रमांक आणि बहुतेकांना तयार वागणूक. तुम्हाला ‘सेव्ह’ बदलायचं असेल तर साखळीत आधी उभ्या असलेल्या तुमच्या वर्गात तोच क्रमांक नोंदवायचा. मूळ वागणूक मागे तशीच उभी राहते. फक्त तिच्यापर्यंत फाइल पोहोचत नाही.

ही कल्पना सगळ्यात सविस्तर रूपात आली ती २००६ च्या अखेरीस, मायक्रोसॉफ्टच्याच डब्ल्यूपीएफमध्ये. तिथे कमांड ही स्वतंत्र वस्तूच झाली. ‘पेस्ट’ नावाची वस्तू, जिला स्वतःला पेस्ट कसं करायचं ते ठाऊक नाही. ते ठाऊक असतं जोडणीला, जिला बाइंडिंग म्हणतात. जोडणीत दोन प्रश्नांची उत्तरं असतात: हे आत्ता करता येईल का, आणि करायचं तर काय करायचं. लिहिण्याच्या चौकटीला जन्मतःच पेस्टची एक जोडणी मिळालेली असते. पण तुम्ही एका विशिष्ट चौकटीला स्वतःची जोडणी दिलीत, तर जन्मजात जोडणीच्या आधी तुमची बघितली जाते.

यात एक बारकावा आहे, अनेकांना दिवसभर डोकं धरून बसवणारा. पेस्ट बंद करायचं म्हणून तुम्ही पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर देता. प्रोग्राम चालवून बघता तर पेस्ट सुरूच! कारण तुमचं ‘नाही’ म्हणजे ‘मला करता येत नाही’ एवढाच अर्थ घेतला गेला आणि प्रश्न पुढे गेला. पुढे जन्मजात जोडणी बसलेलीच आहे, ती म्हणाली, ‘मला येतं की.’ ‘नाही’ म्हणतानाच ‘हा विषय इथे संपला’ अशी खूणही करावी लागते. ती खूण केली की पेस्ट खरोखर बंद होतं आणि मेनूतला शब्दही फिकट दिसतो. ‘माझ्या अधिकारात नाही’ आणि ‘नामंजूर’ हे दोन शेरे वेगळे असतात, कचेरीत जाऊन आलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको.

इथवर आपण प्रोग्रामरच्या सोयीची गोष्ट सांगितली. पण अंगभूत वागणूक ही तरी काय आकाशातून पडलेली असते का? तीही कोणीतरी विचार करून ठरवलेली असते, आणि ती मोडली की काय जातं, हे मराठी लिहिणाऱ्याला चांगलं कळेल. युनिकोडमध्ये ‘कि’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं, पण संगणकाच्या लेखी ती दोन चिन्हं आहेत, क आणि पहिली वेलांटी. ‘क्ष’ तर तीन चिन्हांचा: क, हलन्त आणि ष. आता विंडोजच्या नेहमीच्या चौकटीत ‘कि’ लिहून बॅकस्पेस दाबा. फक्त वेलांटी जाते, क राहतो, म्हणजे वेलांटी चुकली तर तेवढीच सुधारता येते. पण कर्सर ‘कि’च्या आधी ठेवून डिलीट दाबा, तर पूर्ण ‘कि’ जातो. का? कारण पुढून फक्त क पुसला तर मागे नुसती वेलांटी उरेल, आणि तिला टेकायला अक्षर नसल्यामुळे ती ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकत बसेल.

एखाद्या प्रोग्रामरने स्वतःची चौकट करताना डिलीट ओव्हरराइड केलं आणि ‘पुढचं एक चिन्ह पुसा’ एवढंच लिहिलं, तर इंग्रजीत सगळं ठीक चालतं. त्याच्या चाचणीत काहीही चूक दिसत नाही. मराठी लिहिणाऱ्याच्या पडद्यावर मात्र ते ठिपक्यांचं वर्तुळ येतं. अंगभूत वागणुकीत दुसऱ्या कोणीतरी केलेला विचार साठवलेला असतो. ती बाजूला सारताना तो विचारही बाजूला जातो.

आता या इतिहासातला सगळ्यात गंभीर भाग. आपण ज्यांना लक्षात ठेवलं होतं ते चार्ल्स सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांच्या देखरेखीखाली १९८३ मध्ये वर्ड आलं. १९८९ मध्ये विंडोजसाठीचं वर्ड आलं आणि त्यात वर्डबेसिक नावाची छोटी प्रोग्रामिंग भाषा होती. तिच्यात मॅक्रो लिहिता यायचे, म्हणजे वर्डकडून ठराविक कामं करून घेणारे छोटे प्रोग्राम. आणि वर्डचा नियम अगदी सुटसुटीत होता: तुमच्या मॅक्रोचं नाव वर्डच्या अंगभूत कमांडच्या नावासारखं ठेवा, मूळ कमांडच्या जागी तुमचा मॅक्रो चालेल. ‘फाइलसेव्ह’ नावाचा मॅक्रो लिहिलात, की ‘सेव्ह’ म्हटल्यावर तोच चालणार. फार उपयोगी सोय होती. कार्यालयांनी तिचा वापर करून प्रत्येक पत्रावर संदर्भ क्रमांक घातले, फायली ठरलेल्या जागी ठेवल्या.

पण मॅक्रो राहतात कुठे? टेम्प्लेटमध्ये, म्हणजे एक प्रकारच्या फाइलमध्येच. आणि फाइल तर एकाकडून दुसऱ्याकडे जाते. म्हणजे वर्डने ओव्हरराइड करण्याचा अधिकार ना वापरणाऱ्याला दिला होता, ना प्रोग्रामरला. तो प्रत्यक्षात दिला होता फाइलला. ती कोणाकडून आली आहे हे न विचारता.

१९९५ च्या उन्हाळ्यात ‘कॉन्सेप्ट’ नावाचा व्हायरस सापडला. त्याची रीत अगदी साधी. लागण झालेली फाइल उघडली की आपोआप चालणारा एक मॅक्रो सुरू व्हायचा आणि आपल्या प्रती वर्डच्या मुख्य टेम्प्लेटमध्ये ठेवायचा. त्या प्रतींपैकी एकीचं नाव होतं ‘फाइलसेव्हॲझ’. बस. आता तुम्ही कुठलीही नवी फाइल ‘सेव्ह ॲझ’ केलीत की मूळ कमांडच्या जागी व्हायरसचा मॅक्रो चालायचा. तो फाइल सेव्हही करायचा, कारण तुम्हाला संशय यायला नको, आणि जाता जाता स्वतःला तिच्यात घालून टाकायचा. त्याने फाइलींचं नुकसान केलं नाही. आत एक मॅक्रो होता, त्यात मुद्दा सिद्ध करायला एवढं पुरे, अशा अर्थाची टीप तेवढी होती. पण तो फार वेगाने पसरला, विंडोजवर आणि मॅकवरही, कारण त्याचं घर प्रणालीत नव्हतं, वर्डमध्ये होतं. मायक्रोसॉफ्टने स्वतः वाटलेल्या एका सीडीवरही तो निघाला.

त्यात कुठलंही कुलूप फोडलेलं नव्हतं, हे आपण नीट समजून घ्यायला हवं. दार अधिकृत होतं, माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं. नंतरच्या अनेक मॅक्रो व्हायरसांनी तर मॅक्रोंची यादी दाखवणारी कमांडच ओव्हरराइड केली. म्हणजे व्हायरस शोधायला तुम्ही जी आज्ञा देणार, तिचं उत्तरही तोच देणार. चोरीची फिर्याद घ्यायला चौकीत चोरच बसलेला. वर्ड ९७ पासून फाइलीत मॅक्रो असल्याचा इशारा येऊ लागला, पण लोक सवयीने ‘हो’ म्हणत राहिले. मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा मॅक्रो व्हायरस ईमेलमधून पसरला. तो पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःला पाठवायचा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने अमलात आणला तो २०२२ मध्ये. कॉन्सेप्टनंतर सत्तावीस वर्षांनी.

मग अशी एखादी कमांड असावी का, जी कोणालाच बदलता येणार नाही? याचं उत्तर एका वेगळ्याच वाटेने आलं. १९८१ च्या आयबीएम पीसीवर डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ही तिकडी ठेवली, संगणक पुन्हा सुरू करण्यासाठी. चुकून दाबली जाऊ नये म्हणून बटणं एकमेकांपासून लांबची. पण त्या काळच्या डॉसमध्ये ही तिकडीसुद्धा मधे अडवता यायची. आपल्याकडचंच उदाहरण आहे. १९९० मध्ये भारतात ‘जोशी’ नावाचा व्हायरस सापडला. ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरायचा आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करायला लावायचा. गंमत वाटते, पण त्याची दुसरी बाजू अशी की, तो कंट्रोल-ऑल्ट-डिलीटला दाद द्यायचा नाही. संगणक पुन्हा सुरू केला असं वाटायचं आणि हा स्मृतीत टिकून राहायचा. वीजच बंद करावी लागायची.

१९९३ मध्ये विंडोज एनटी आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने हीच तिकडी उलट्या कामाला लावली. लॉगिन करण्याआधी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा, असं सांगितलं जाऊ लागलं. लोकांना ते विचित्र वाटलं. कारण असं होतं की, कोणीही लॉगिनसारखी दिसणारी खोटी खिडकी बनवून पासवर्ड चोरू शकतो. पण एनटीत ही तिकडी फक्त प्रणालीच्या गाभ्याकडे जाते, साध्या प्रोग्रामला ती पकडताच येत नाही. त्यामुळे ती दाबल्यावर जी खिडकी येते, ती खरीच असते. सगळ्या आज्ञा बदलता येतात अशा घरात एक आज्ञा न बदलणारी ठेवली, तेव्हा कुठे बाकीच्यांवर भरवसा ठेवायला आधार मिळाला.

आता शेवटचा मुद्दा, आजचा. ओव्हरराइड नेहमी वाईट हेतूनेच होतं असं नाही. चांगल्या हेतूनेही वापरणाऱ्याचं नुकसान होतं. पासवर्डच्या चौकटीत पेस्ट बंद करण्याची पद्धत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. हेतू सुरक्षेचा. परिणाम काय? लांबलचक, अवघड पासवर्ड हाताने टाइप करायचा कंटाळा येतो, मग लोक छोटा आणि सोपा पासवर्ड ठेवतात. पासवर्ड सांभाळणारे प्रोग्राम वापरणाऱ्यांची तर वाटच बंद होते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं की पासवर्ड पेस्ट करू द्यावा. म्हणजे अंगभूत वागणूकच बरोबर होती, तिला अडवणारा चुकत होता.

तर या पन्नास वर्षांतून प्रोग्रामर मंडळींनी काय घ्यावं? आम्हाला तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. कमांड बदलण्याआधी ते स्वतःला विचारावेत. पहिला, हा बदल वापरणाऱ्याला दिसतो आहे का? पेस्ट बंद असेल तर मेनूत ते फिकट दिसू दे आणि का बंद आहे ते एका ओळीत सांगा. दुसरा, आपण बाजूला सारलेल्या वागणुकीत काय काय होतं ते आपल्याला माहीत आहे का, आणि जे आपण करत नाही ते मूळ हँडलरकडे पोहोचतं आहे का? मराठीतली वेलांटी आठवा. आणि तिसरा, हा बदल करणारा कोण आहे? घराचा मालक, मालकाने नेमलेला माणूस, की टपालाने आलेलं पाकीट? कॉन्सेप्टच्या वेळी हा तिसरा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि वर्डवाल्या सगळ्या कार्यालयांना त्याचं उत्तर पुढची अनेक वर्षं शोधत बसावं लागलं.

आणि जे प्रोग्रामर नाहीत त्यांच्यासाठी एवढंच. यापुढे एखाद्या फाइलने ‘मॅक्रो चालू करा’ असं विचारलं, तर ती नेमकं काय मागते आहे ते आता आपल्याला ठाऊक आहे. ती तुमच्या ‘सेव्ह’चा अर्थ ठरवण्याचा अधिकार मागते आहे. पाठवणारा ओळखीचा नसेल, किंवा ओळखीचा असूनही फाइल अनपेक्षित असेल, तर एक फोन करून खात्री करा आणि मगच तो अधिकार द्या.

आज इथेच थांबू.